म्हशीच्या पोटातले जोडवे व इतर वस्तूंच्या संमतीसाठी केलेला प्रवास

अर्जामध्ये अर्जदाराचे नाव आधी येते आणि मागणी मागाहून. प्रवासाच्या हकिकतीतही तोच क्रम असावा, असे माझे मत आहे. मी मुरलीधर. मेहकर येथे कचेरीबाहेरच्या लिंबाखाली टेबल टाकून गेली बावीस वर्षे अर्जनवीस म्हणून बसतो. शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे शिक्षण लोकांच्या अडचणींनी केले. माझ्या हातचा अर्ज ‘मजकूर अपुरा’ असा शेरा मारून सहसा परत येत नाही, हे तालुक्यात ठाऊक आहे.

मी काशी-रामेश्वर केलेले नाही. ही हकिकत ज्या चार दिवसांची आहे, ते चारही दिवस मी आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीतच होतो. मात्र जिल्ह्यातील गावांची नावे हजारो वेळा लिहिणे निराळे आणि त्या गावांत जाऊन कोणाच्या तरी ओसरीवर बसणे निराळे. ज्यांनी माझ्याप्रमाणेच ती गावे केवळ ‘मु. पो.’ पुढे लिहिली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

जानेफळच्या पुढे

गोविंदकाका हे गुरांच्या दवाखान्यातील निवृत्त कंपाउंडर. वय शहात्तर. जानेफळच्या पुढे काही कोसांवर त्यांचे गाव आहे. गावाचे नाव येथे मुद्दाम घातलेले नाही, कारण ठरावाची प्रत अजून वर जायची आहे आणि कागद वाटेत असताना गावाचे नाव छापू नये, हा माझा दंडक आहे.

नोकरीत असताना काका डॉक्टरांबरोबर, आणि पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी, सायकलीवर गावोगाव जात. जनावर बरे झाले की मालक काहीतरी देऊ करी. काका पैशाला हात लावत नसत. “घरात काई जुनंपानं पडून असंन तं दाखवा,” एवढेच म्हणत. अशा रीतीने तीस-पस्तीस वर्षांत त्यांच्या माजघराचे जे झाले, ते मी भाद्रपदातल्या एका सकाळी प्रथम पाहिले.

एका फळीवर दंडारीतल्या राजाचा पुठ्ठ्याचा मुकुट होता. दंडार म्हणजे आमच्याकडचा नाचगाण्याचा जुना खेळ. त्यात बायकांची कामेही पुरुषच करीत. मुकुटाशेजारी अशाच एका स्त्रीपात्राचे गंगावन आणि रंगाची लाकडी पेटी. त्याखाली भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मुलींचे आवाज भरलेल्या कॅसेटी, प्रत्येकीवर गावाचे नाव. पोळ्याच्या दिवशी बैलांसमोर जे चढाओढीने म्हणतात त्या झडत्या उतरून घेतलेल्या सात वह्या. आणि हे सगळे पाहून मनात आदर दाटत असतानाच पुढच्या फळीवर औषधी पाण्यात बुडवलेले तीन पायांचे कोंबडीचे पिलू, लोणारकडचा सुई ओढून घेणारा दगड, बैलाच्या पोटातून निघालेला नारळाएवढा केसांचा गुळगुळीत गोळा, आणि एका बरणीत गुराढोरांनी गिळलेले खिळे, तारेचे तुकडे, एक किल्ली व एक चांदीचे जोडवे.

मी खिशातून पेन काढले. “काका, या सगळ्याला मिळून एक नाव काय द्यायचे? अर्जात विषय लिहावा लागतो.”

“नाव कायले पायजे? जे पाहून मले हासू आलं नाईतं कवतिक वाटलं, ते ठेवलं.”

“परंतु दंडारीतले गंगावन आणि बैलाच्या पोटातला हा गोळा, यांचा परस्परसंबंध काय?”

काकांनी गोळा फळीवरून उचलला. “दोनी केसंच हायेत, मुरलीभाऊ.”

हे उत्तर अर्जात घालण्याजोगे नव्हते. मी कागदावर यादीचे दोन भाग केले. मुकुट, पेटी, वह्या, कॅसेटी हा ‘लोककला’ विभाग. बाकी सर्व ‘इतर किरकोळ’, आणि शक्य झाल्यास वगळावे.

आता मागणी सांगतो. काकांचा मुलगा प्रकाश संभाजीनगरला असतो. दसऱ्याच्या आधी तो वडिलांना कायमचे घेऊन जाणार होता, आणि राहते घर भाड्याने देण्याचे ठरून गेले होते. भाडेकरूला माजघर मोकळे हवे होते. गावात गुरांचा दवाखाना नव्या इमारतीत गेल्यापासून जुनी खोली कुलूप लावून पडलेली. ती या वस्तूंसाठी मिळावी, असा काकांचा विनंतीअर्ज मी लिहिला, आणि पंचायतीच्या बैठकीत तो अडला. सुखदेव पाटील नावाच्या सदस्यांनी विचारले, “वस्तू लोकायच्या. उद्या एखादा आला अन् म्हनला का माह्या बापाची पेटी पंचायतीनं दाबली, तं जबाब कोनं द्यायचा?” प्रश्न योग्य होता. मी त्यांच्या जागी असतो तर हाच विचारला असता. वस्तू देणाऱ्यांची संमती लेखी आणा, गांधीजयंतीच्या ग्रामसभेत पाहू, असे ठरले. न मिळाल्यास भंगारवाल्याचा टेम्पो दुसऱ्या दिवशी येणार होता. प्रकाशने त्याला फोनही करून ठेवला होता.

आसपासच्या खेड्यांतले कागद मी दोन दिवसांत गोळा केले. त्यासाठी मी माझा नेहमीचा, कचेरीत कधीही न अडलेला मजकूर वापरला होता: ‘सदर वस्तूवरील माझा व माझ्या वारसांचा सर्व हक्क व हितसंबंध मी कायमचा सोडून देत आहे.’ लोक काकांकडे पाहत आणि सही करीत. काकांच्या बदलीच्या काळातली दोन घरे लांबची राहिली, साखरखेर्ड्याचे एक आणि पिंपळगाव राजाचे एक. तेथे जायला आम्ही दोघे निघालो.

साखरखेर्डा

मेहकरहून साखरखेर्ड्याची एसटी पकडली. ओळख पटावी म्हणून काकांनी रंगाची पेटी आणि जोडव्याची बरणी पिशवीत घेतली होती. केसांचा गोळा का घेतला, हे त्यांनी सांगितले नाही. तो त्यांच्या मांडीवर होता. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता त्यावर बोट ठेवले.

“काका, हे नारळ हाये का?”

“बैलाच्या पोटातला गोळा हाये. बैल आंग चाटते, केस पोटात जाते, तिथं वळत राह्यते.”

कंडक्टरने बोट काढून घेतले, पँटला पुसले आणि विचारले, “मंग याचं अर्धं तिकीट फाडू का?”

मागच्या बाकावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. साखरखेर्डा येईपर्यंत गोळा हातोहात साऱ्या गाडीत फिरून आला. माझा स्वभाव असल्या गोष्टींत रमणारा नाही, पण एक कबूल करतो: त्या गाडीत कोणी मोबाइलवर गाणे लावले नाही.

याच प्रवासात माझ्या पिशवीतले अंगठ्याचे शाईपॅड उघडले आणि जांभळी शाई माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या डाव्या अंगाला, बरोबर खिशाखाली, तळहाताएवढी पसरली. अशा स्थितीत मी दुर्गाबाईंच्या दारात उभा राहिलो.

दुर्गाबाई साठीच्या. त्यांचे वडील दंडारीत स्त्रीपात्र करीत. रंगाची पेटी त्यांची. वडील गेल्यावर पेटी दुर्गाबाईंनी सासरी आणली, आणि अडलेली म्हैस काकांनी सोडवली तेव्हा ती त्यांना दिली. घर आटोपशीर, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या. साखरखेर्ड्याची बोली आमच्याहून जालन्याकडे झुकलेली. आम्ही ‘मले’ म्हणतो तेथे त्या ‘मला’ म्हणतात आणि ‘माह्या’च्या जागी ‘मह्या’. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा देतात. त्यांनी आधी जेवायला बसवले. ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी, म्हणजे भाजलेल्या धान्यांचा व मसाल्याचा कूट घालून केलेली, दाट, जिभेवर बराच वेळ राहणारी. मी तीन वेळा घेतली.

“च्या मागून ठिवते,” त्या म्हणाल्या. “उपाशी मानसानं कागद वाचू नाही. आन् सदऱ्याला काय झालं वो तुमच्या?”

“कार्यालयीन शाई आहे,” मी म्हणालो आणि कागद काढला. तो मी नेहमीच्या पद्धतीने, सावकाश आणि स्पष्ट वाचला. ‘हक्क व हितसंबंध’ येथपर्यंत त्या ऐकत होत्या. ‘कायमचा सोडून देत आहे’ म्हणताच त्यांनी पुढे केलेला अंगठा मागे घेतला आणि पदरात गुंडाळला.

“हे हक्कसोड हाय.”

“मजकूर त्या धर्तीचा आहे,” मी म्हणालो. “कायद्याने पक्का.”

“पक्का हाय ते मला माहीत हाय. एकदा दिलाय मी.” त्या काकांकडे वळल्या. “काका, बाप गेल्यावर भावांनी कचेरीत नेलं. असाच एक मानूस टेबलावर बसला व्हता. त्यानं वाचलं, म्या अंगठा दिला. जिमिनीचं जाऊ द्या, मला जिमीन नको व्हती. पन त्या दिवसापून माहेरी गेले की भावजय म्हनती, बसा की, पाहुन्या. पाहुनी. मह्या बापाच्या घरात.”

मी समजावू लागलो की हा कागद एका पेटीपुरता आहे, जमिनीचा येथे काहीही संबंध नाही.

“तेच सांगते ना. पेटी मी दिली. काकाला दिली, खुशीनं दिली. हक्क कुठं दिला? उद्या त्या खोलीत गेले आन् कोनी म्हनलं, हात लावू नका पाहुन्या, तर?”

टेबलावर बसणाऱ्या माणसांनी असे किती अंगठे घेतले असतील, याचा हिशेब करण्याची ती वेळ नव्हती; पण त्यांपैकी काही मी घेतलेले आहेत. हक्कसोडीचे कागद मी शेकड्यांनी लिहिले आहेत. बहिणी समोर बसत, मी वाचत असे, त्या मान हलवत. वाचताना त्यांच्या हाताकडे मी कधी पाहिले नव्हते.

“मुरलीभाऊ,” काका हळूच म्हणाले, “दुसरं काई लेहता येत नाई का?”

“बावीस वर्षांत हा मजकूर कुठे अडला नाही, काका.”

“आज अडला ना.”

मी उठलो आणि गावातल्या देवळाच्या सभामंडपात जाऊन बसलो. तेथे थंड फरशी होती आणि समोर सोयाबीन पिवळे पडू लागलेले शेत. एक तासभर मी लिहिले आणि खोडले. अर्जनवीसाचे अर्धे काम तयार मजकुरावर चालते; कोऱ्या कागदावरून सुरुवात करण्याची सवय मला राहिली नव्हती. ‘दान’ लिहिले, खोडले. दान केल्यावरही हक्क जातो. ‘उसनवार’ लिहिले, खोडले. उसनवारीला मुदत लागते. शेवटी ‘ठेव’ हा शब्द सापडला. कागद असा झाला:

‘सदर वस्तू मी गोविंदकाका यांच्या स्वाधीन खुशीने दिलेली असून ती गावातील खोलीत ठेव म्हणून राहील. वस्तू माझी व माझ्या घरची आहे. मी अगर माझ्या घरचे कोणीही केव्हाही येऊन ती पाहू, हाताळू, आणि गरज पडल्यास वापरासाठी घेऊन जाऊ. काम झाल्यावर परत आणून ठेवू. याबद्दल पंचायतीस कोणी जाब विचारणार नाही.’

परत आल्यावर दुर्गाबाईंनी तो दोनदा वाचायला लावला. दुसऱ्यांदा त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

“हाताळू हे बरं लिहिलं,” त्या म्हणाल्या आणि अंगठा पुढे केला. शाईपॅड तर माझ्या सदऱ्यात रिकामे झाले होते. दुर्गाबाईंनी अंगठा पाण्यात ओला करून तो सरळ माझ्या खिशाखालच्या डागावर टेकवला आणि तोच कागदावर उमटवला. ठसा अगदी स्वच्छ आला.

परतीच्या एसटीत मी काकांना म्हणालो की आधी गोळा केलेले सर्व कागद आता बाद समजावे लागतील. काका म्हणाले, “समजू. त्यायले तं मी तवाच पाह्यलं. सही करत होते, पन तोंड उतरून करत होते.”

“मग तेव्हा का नाही सांगितले?”

“तुमी लय जोरात वाचत होते.”

घाटाखाली

दुसऱ्या दिवशी जानेफळमार्गे खामगावकडे निघालो. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावर आणि घाटाखाली, आणि घाटावरचा माणूस घाट उतरताना थोडा मान ताठ करून उतरतो. सागाची झाडे, वळणे, मग एकदम उघडे पडलेले काळ्या मातीचे सपाट रान आणि त्यात दूरवर कपाशी. हवा दाट होते. खामगावच्या स्टँडवर कचोरी घेतली. काकांनी ती न फोडता कानाशी धरून हलवली. “आतलं सारन सुटं असंन तं वाजते,” म्हणाले. वाजली नाही; तरीही चांगली होती.

पिंपळगाव राजाला सुमनबाईंचे घर वाटेवरच आहे. त्या पन्नाशी ओलांडलेल्या, हसऱ्या. यजमान आत्माराम, कपाशीच्या फवारणीवरून नुकतेच आलेले, पायरीवर पाय धूत होते. पातोड्यांचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा चुलीवर होता. वास असा तिखट की आम्ही दोघे दारातच शिंकलो आणि आत्माराम म्हणाले, “पाव्हने घाटावरचे दिसते.”

काकांनी बरणीतून जोडवे काढून सुमनबाईंच्या तळहातावर ठेवले. त्यांनी मूठ मिटली आणि जरा वेळ उघडली नाही.

“मुरलीभाऊले सांग बाई,” काका म्हणाले. “त्यायले ते किरकोळ वाटून राह्यलं.”

मी ‘किरकोळ’ हा शब्द कोणापुढे उच्चारला नव्हता. पण काकांनी माझी यादी वाचली होती, हे तेव्हा कळले.

सुमनबाईंनी जे सांगितले ते असे. लग्नाला वर्ष झाले नव्हते. एक दिवस कडबा कापून आल्या तर पायातले एक जोडवे नाही. सासू म्हणाली, माहेरी धाडले असशील. “मी म्हनो, हरपलं. थे म्हने, हरपलं तं घरात पाह्यजे, घरात नाई तं माहेरी हाये. दोन सालं, भाऊ. दोन सालं मले माहेरी जाऊ नाई देल्लं. भाऊ न्याले आला तं त्याले म्हने, आधी जोडवं आन.”

“अन् तुम्ही?” मी आत्मारामांकडे पाहिले.

“मी काय बोलतो बाप्पा. माय होती माही.” त्यांनी पाय धुणे चालूच ठेवले, पाय कधीचे स्वच्छ झाले होते.

मग म्हैस खाईना. डॉक्टरांनी दवाखान्यात आणून पोट उघडले. काका हाताखाली होते. आतून तार निघाली, दोन खिळे निघाले आणि हे जोडवे निघाले, कडब्याबरोबर गेलेले. म्हैस वाचली. सासूने जोडवे पाहिले आणि म्हणाली, “कंपाउंडर, हे तुमीच न्या. घरात नोको.”

“माफी मांगली नाई,” सुमनबाई म्हणाल्या. “पन दुसऱ्या दिवशी म्हने, माहेरी जाऊन ये. लाडू देल्ले संगं.”

मी नवा मजकूर वाचून दाखवला. त्यांनी सही करायला पेन घेतले आणि थांबल्या.

“त्या खोलीत वस्तूपाशी चिठ्ठी ठेवसान का?”

“ठेवणार. वस्तूचे नाव, देणाऱ्याचे नाव, गाव.”

“तसं नोको. लेहा का हे जोडवं सुनेनं हरपवलं नाई. म्हशीनं गिळलं.”

आत्माराम म्हणाले, “आता कायले वं ते? माय जाऊन बारा वर्सं झाले.”

“तुमच्या मायनं साऱ्या गावाले सांगतलं होतं, सून चोट्टी हाये म्हनून. म्हशीचं कोनाले सांगतलं? कोनालेच नाई.” आवाज चढला नव्हता. “भाऊ, तुमी अर्ज लेहता ना? मंग बरोबर लेहा. पक्कं लेहा.”

बावीस वर्षांत मला पुष्कळांनी पक्के लिहायला सांगितले, परंतु इतक्या थोडक्यात मागणी कोणी मांडली नाही. मी चांगला कागद काढला आणि माझ्या उत्तम अक्षरात लिहिले: ‘चांदीचे जोडवे, नग एक. सदर जोडवे सुमनबाई आत्माराम यांनी हरवलेले अगर कोणास दिलेले नव्हते. ते घरच्या म्हशीने कडब्याबरोबर गिळले होते व शस्त्रक्रियेच्या वेळी तिच्या पोटातून समक्ष निघाले. करिता सुमनबाई या सर्वस्वी निर्दोष आहेत.’

“निर्दोष म्हंजे बेकसूर ना?”

“हो.”

“मंग राहू द्या. चांगलं दिसते.”

खाली साक्षीदाराची जागा मोकळी होती. आत्माराम हात पुसत आले, पेन घेतले आणि कोणी काही न म्हणता तेथे आपली सही केली. जेवताना सुमनबाईंनी त्यांच्या ताटात दोन पातोड्या जास्त वाढल्या. रश्श्याने माझ्या डोळ्यांतून पाणी येत होते, ते मी रश्श्याच्याच खाती घातले.

घाट चढताना मी यादीचा कागद काढला आणि ‘इतर किरकोळ’ हे शब्द खोडले. सर्व वस्तू एकाच क्रमाने, वेगवेगळे विभाग न करता, लिहिल्या. गंगावनाखाली केसांचा गोळा आला.

ग्रामसभा

मधल्या दिवसात आम्ही जवळची सगळी घरे पुन्हा फिरलो आणि जुने कागद फाडून नवे केले. गांधीजयंतीला शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. प्रकाश आदल्या दिवशीच येऊन मागे उभा होता, हातात मोबाइल. मी कागद वाचले. या वेळी आवाज जरा खाली ठेवला.

सुखदेव पाटलांनी सर्व ऐकून घेतले. मग म्हणाले, “जबाबाचं मिटलं, ते मान्य. पन आता दुसरं आलं. ज्याले पायजे तो येईन अन् आपली वस्तू घेऊन जाईन, असं तुमी लेहलं. मंग खोली रिकामी राह्यली तं? रिकाम्या खोलीले पंचायतीनं कुलूप कायले लावायचं?”

मजकूर लिहिताना हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, हे येथे नमूद करतो. पटांगणात कुजबुज झाली. प्रकाशने मोबाइल कानाला लावला; टेम्पोवाल्याला फोन असावा.

गोविंदकाका उठले. सभेत बोलण्याची त्यांना सवय नाही. “सुखदेव,” ते म्हणाले, “तुह्या बैलाले पोटाचा फुगारा झाला होता तवा मी आलो होतो. आठवते?”

“आठवते काका.”

“तवा दवाखान्यातली नळी तुह्या घरी चार दिवस राह्यली. दवाखाना रिकामा झाला होता का?” मग पटांगणाकडे वळून ते पुढे म्हणाले, “खोली रिकामी राह्यली तं समजजा, सगळं वापरात हाये. मले काय, मी तं तिथं आनंदानं रिकामी खोली पाहीन.”

कोणीतरी मागून म्हणाले, “पन तीन पायाचं पिल्लू कोन वापरते काका?” सगळे पटांगण हसले, सुखदेव पाटीलही हसले, आणि हसता हसताच त्यांनी हात वर केला. त्यांच्यामागे बाकीचे. एका वर्षासाठी खोली मंजूर झाली. पुढच्या वर्षी पाहून वाढवायची. ग्रामसेवकाने ठराव लिहिला. मी वाचून पाहिला. दोन ठिकाणी सुधारला.

मागे वळून पाहिले तेव्हा प्रकाशने मोबाइल खिशात घातला होता. “टेम्पोवाल्याले काय सांगतलं?” काकांनी विचारले. “येऊ नको म्हनून,” तो म्हणाला, आणि मग, “बाबा, पन तुमी चालान ना माह्यासंगं?”

“चालतो ना. आता जाले काय झालं.”

खोली

किल्ली शेजारच्या अंगणवाडीताईंकडे असते. मी दर रविवारी जातो, नोंदवही लिहितो आणि कॅसेटींना ऊन दाखवतो. हे काम मी मागून घेतले आहे. कचेरीबाहेर आता कोणी बहीण हक्कसोड लिहायला आली, तर आधी कागद खाली ठेवून तिला काय हवे ते विचारतो. यामुळे दोन भावांनी दुसऱ्या अर्जनवीसाकडे जाणे पसंत केले आहे.

काका प्रकाशबरोबर गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी अंगणवाडीताई आणि मी फळ्या लावत होतो. अजून निम्म्या वस्तू खोक्यांतच होत्या. तेवढ्यात दुर्गाबाई एसटीने येऊन दारात उभ्या राहिल्या, बरोबर कॉलेजात शिकणारी नात, वैष्णवी.

“हिच्या कालेजात खेळ हाय,” त्या म्हणाल्या. “दंडार करनारेत पोरी. पेटी न्यायला आलेव.”

“कोणते काम करणार?” मी वैष्णवीला विचारले.

“राजाचं.”

“पणजा बाई व्हायचा, आन् ही राजा,” दुर्गाबाई म्हणाल्या. “घरान्यात सगळं उलटंच.”

मी नोंदवही उघडली. पहिल्या पानावर ‘आवक’ लिहिण्याच्या तयारीने रेघा मारल्या होत्या. पहिली नोंद मात्र ‘नेली’ अशी झाली.

संध्याकाळी काकांना संभाजीनगरला फोन लावला आणि सांगितले की खोली नीट लागायच्या आतच पेटी वैष्णवीच्या खेळासाठी गेली.

काकांनी विचारले, “रंग निंगाला का त्यातला? वाळून दगड झाला असंन.”

मी सांगितले की लाल वडी खरोखरच दगड झाली होती. दुर्गाबाईंनी ती नखाने तळहातावर खरवडली, अंगणवाडीताईंकडून खोबरेल तेल मागून घेतले आणि बराच वेळ बोटाने खलत बसल्या. आधी नुसते खडे होते. मग तेल लाल झाले. त्यांनी वैष्णवीच्या कपाळावर एक रेघ ओढून पाहिली.

“लागला?”

“लागला, काका.”

फोन तोंडापासून दूर गेल्याचे कळले. “प्रकाश,” काका आत हाक मारून सांगत होते, “अबे रंग लागला म्हन्ते. आता पोरी खेळ करते.”

कोणता रंग, हे प्रकाशला बहुधा समजले नसावे. पण मागून त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला: “मंग खेळ कवा हाये ते इचारा. जाऊ पाहाले.”